सीताबर्डीत मिळणारा गोव्याचा निवडणूक-तक्ता : उपयोग आणि उणिवा

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसाठी नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांत जाणाऱ्यांना राज्यवार तक्त्यांचे गठ्ठे परिचित असतील. त्याच गठ्ठ्यांत गोव्याचा एक दोन्ही बाजूंनी छापलेला तक्ता आणि त्यासोबत ४८ पानांची पुस्तिका असा संच मिळतो. संचाची छापील किंमत २८० रुपये आहे. तो एका छोट्या, जवळजवळ घरगुती प्रकाशनाचा असल्यामुळे त्याचे नाव इथे देत नाही. त्याची गरजही नाही, कारण ‘गोव्याचा निवडणूक-तक्ता’ एवढे म्हटले की दुकानदार हाच काढून देतात.

गोव्याच्या निवडणुकांचा तक्ता नागपुरात कोण घेणार, असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. परीक्षार्थींखेरीज राजकारणाचा नाद असलेले वाचकही तो घेतात, आणि गोव्याच्या निकालांशी या शहराचा संबंध अलीकडे चांगलाच जडला आहे. २०१७ मध्ये ४० पैकी अवघ्या १३ जागा मिळूनही भाजपने महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो), गोवा फॉरवर्ड आणि अपक्ष यांना सोबत घेऊन मनोहर पर्रीकर यांच्या नेतृत्वाखाली सरकार बनवले, त्या जुळवाजुळवीत नागपूरचे खासदार नितीन गडकरी पुढे होते; २०२२ मध्ये त्याच पक्षाचे गोव्याचे निवडणूक प्रभारी देवेंद्र फडणवीस होते. त्यामुळे पणजीच्या निकालाची चर्चा धरमपेठेत रंगते, यात नवल नाही.

तक्त्याच्या पुढच्या बाजूला बारा तालुके आणि चाळीस मतदारसंघ दाखवणारा नकाशा आहे, मागच्या बाजूला डावीकडे लोकसंख्येचे कोष्टक आणि उजवीकडे १९६३ पासून २०२२ पर्यंतच्या विधानसभा निकालांचे स्तंभालेख आहेत. कागद जाड आहे, शाई हाताला लागत नाही. मात्र वरचा चकचकीत थर ट्यूबलाइटखाली इतका चमकतो की भिंतीवर टांगल्यास एका बाजूने उभे राहूनच वाचावे लागते. घडी नेमकी तिसवाडी तालुक्यातून गेली आहे आणि तिथेच मतदारसंघ सर्वांत दाटीवाटीने छापलेले असल्याने सांत आंद्रे हे नाव घडीत गडप झाले आहे. तालुक्यांची नावे इंग्रजी नकाशावरून उचलल्याचे उघड दिसते. सासष्टीचे ‘साल्सेट’ आणि काणकोणचे ‘कॅनाकोना’ मराठी तक्त्यावर छापायला नको होते.

लोकसंख्येचे कोष्टक आकड्यांच्या बाबतीत चोख आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४,५८,५४५, त्यापैकी उत्तर गोव्यात ८,१८,००८ आणि दक्षिण गोव्यात ६,४०,५३७. नागरी लोकसंख्या ६२ टक्क्यांहून थोडी अधिक, साक्षरता ८८.७ टक्के, दर हजार पुरुषांमागे ९७३ स्त्रिया. त्याच जनगणनेत एकट्या नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती, हे लक्षात घेतले म्हणजे आपण किती लहान राज्याबद्दल बोलत आहोत याचा अंदाज येतो. १९६१ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज सत्ता संपली त्या वर्षी, गोव्यात सुमारे ५ लाख ९० हजार लोक होते आणि पुढच्या दहा वर्षांत ही संख्या जवळपास ३५ टक्क्यांनी वाढली. खाणी, सरकारी नोकऱ्या, बांधकाम आणि पुढे पर्यटन यांसाठी बाहेरून माणसे येत राहिली. दुसरीकडे गोवेकरांचे आखातात, मुंबईत आणि पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे युरोपात जाणेही चालू राहिले. हे पारपत्र मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना मिळू शकते, आणि परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की मतदार यादीतले नाव निघते. पुस्तिकेने या दुहेरी हालचालीला एक संपूर्ण पान दिले आहे, ते वाचण्याजोगे आहे.

धर्मवार विभागणीचा गोल आलेख मात्र संपूर्ण राज्याचा एकच दिला आहे : हिंदू ६६.०८ टक्के, ख्रिस्ती २५.१० टक्के, मुस्लिम ८.३३ टक्के. हे आकडे बरोबर असूनही त्यांतून गोवा कळत नाही. उत्तर गोव्यात सुमारे तीन चतुर्थांश लोक हिंदू आहेत. दक्षिण गोव्यात हिंदू निम्म्याहून थोडेसेच अधिक आणि ख्रिस्ती एक तृतीयांशाहून अधिक आहेत. त्याही आत शिरले तर फरक जिल्ह्याचा राहत नाही, तालुक्याचा होतो. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी (मुरगाव पूर्वी सासष्टीतच होता) या जुन्या काबिजादी (म्हणजे पोर्तुगीजांनी जिंकलेले मुलूख) सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांकडे होत्या; पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी त्यांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. चर्च, गावकरी (गावच्या सामाईक जमिनीची संस्था), शाळा, भाषा आणि जमिनीची मालकी या सगळ्यांचा पोत त्यामुळे दोन भागांत वेगळा राहिला. पुढच्या बाजूच्या नकाशात हे दोन भाग नारिंगी आणि हिरव्या रंगाने स्वच्छ वेगळे केले आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण संचातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. ज्याने हा नकाशा आखला त्याला गोवा ठाऊक आहे. मागची बाजू बहुधा दुसऱ्या कुणी केली असावी.

भाषेच्या स्तंभात कोकणी ६६ टक्के, मराठी जवळपास ११ टक्के आणि हिंदी १० टक्क्यांच्या वर अशी मातृभाषेची आकडेवारी आहे. तिच्यावरून पुस्तिकेने काढलेला निष्कर्ष असा, की गोव्यात मराठीचे राजकीय वजन अकरा टक्क्यांएवढे. जनगणनेत मातृभाषा कोकणी सांगणाऱ्या घरात पोथी मराठी, भजन मराठी आणि सकाळचे वर्तमानपत्रही मराठी असू शकते. दीर्घकाळ राज्य केलेल्या मगो पक्षाचा मतदार बव्हंशी याच घरांतला होता. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा ठरवतानाच सरकारी व्यवहारात मराठीच्या वापराची तरतूद ठेवावी लागली, ती या घरांमुळेच. आकडा मोजतो ते वेगळे आणि मतदार बोलतो ते वेगळे, हे पुस्तिकेच्या लेखकाला जाणवलेले दिसत नाही.

निकालांच्या बाजूकडे वळल्यावर पहिली अडचण अगदी सुरुवातीच्या स्तंभात येते. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत ३० जागा दाखवल्या आहेत, पण त्यांपैकी एक जागा दमणची आणि एक दीवची होती, गोव्याच्या जागा २८ होत्या, याची नोंद कुठेही नाही. या २८ जागांत काँग्रेसला एकही मिळाली नाही, हा त्या निवडणुकीचा खरा धक्का होता. देशाला स्वातंत्र्य मिळवून देणारा आणि गोव्यात सैन्य पाठवणारा पक्ष भुईसपाट झाला, आणि दयानंद बांदोडकरांचा मगो पक्ष सत्तेवर आला. कुळांचा (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचा) आणि बहुजन समाजाचा हा पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाची मागणी घेऊन उभा होता. त्याच्यासमोर जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता आणि त्याचा मुख्य आधार जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती मतदार होता. या एका निवडणुकीपुरता तक्त्यातला गोल आलेख आणि स्तंभ यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. तोच मेळ पुढे साठ वर्षे ओढत नेणे, हा संचाचा मूळ दोष आहे.

कारण पुढच्याच टप्प्यावर तो मेळ ढिला होतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेण्यात आला. त्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला होता आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला होता. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे चिन्ह दोन पाने. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याने महाराष्ट्राला नकार दिला. सर्वसाधारणपणे जुन्या काबिजादींचा कल वेगळे राहण्याकडे आणि नव्या काबिजादींचा विलीनीकरणाकडे होता. तरीही वैध मतांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक मते केवळ ख्रिस्ती समाजाच्या बळावर मिळणे शक्य नव्हते, त्यांत हिंदू मतेही मोठ्या प्रमाणात असलीच पाहिजेत. आणि यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत, याच मतदारांनी विलीनीकरणाची मागणी करणाऱ्या मगो पक्षालाच पुन्हा सत्ता दिली. बांदोडकर मुख्यमंत्री हवेत पण महाराष्ट्र नको, असा हा कौल होता.

हा प्रसंग तक्त्यात खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढ्या चौकटीत छापला आहे. विधानसभा निवडणूक नसल्यामुळे तो मुख्य रांगेत बसला नाही, हे तांत्रिकदृष्ट्या समजण्यासारखे असले तरी गोव्याच्या मतदानाच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही. नागपूरच्या वाचकाला तर तिचे अप्रूप अधिक वाटावे. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री विदर्भातलेच, पुसदचे वसंतराव नाईक होते; आणि ज्या विदर्भाच्या वेगळ्या राज्याच्या प्रश्नावर १९५३ च्या नागपूर करारापासून सभा, मोर्चे, आयोग आणि अहवाल यांची रांग लागली, त्या विदर्भात सरकारी मतपेटी ठेवून हा प्रश्न कधीच विचारला गेला नाही. हे विषयांतर झाले, पण चौकट पाहताना ते मनात आल्याशिवाय राहत नाही.

स्तंभालेखांत दुसरा एक ठळक दोष आहे. १९८४ मध्ये काँग्रेसला १८ जागा आणि १९९४ मध्येही १८ जागा मिळाल्या, म्हणून तक्त्यात दोन्ही स्तंभ एकाच उंचीचे आहेत. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले, दमण आणि दीव वेगळे केंद्रशासित प्रदेश झाले आणि १९८९ पासून विधानसभेच्या जागा ४० झाल्या. म्हणजे १९८४ च्या १८ जागा हे तिसातले स्पष्ट बहुमत होते, तर १९९४ च्या १८ जागा म्हणजे चाळिसात बहुमताला तीन कमी. स्तंभ टक्केवारीत काढले असते तर हा घोटाळा टळला असता. परीक्षेला बसणारा विद्यार्थी स्तंभाची उंचीच लक्षात ठेवतो.

बाकीचा क्रम बिनचूक आहे : १९८० मध्ये अर्स काँग्रेसच्या (देवराज अर्स यांच्या गटाच्या) २० जागा आणि मगो सत्तेचा शेवट, १९८९ मध्ये काँग्रेस २० विरुद्ध मगो १८, १९९४ मध्ये भाजपचा चार जागांनी प्रवेश, १९९९ मध्ये काँग्रेस २१, २००२ मध्ये भाजप १७ आणि काँग्रेस १६, २००७ मध्ये काँग्रेस १६, २०१२ मध्ये भाजप २१, २०१७ मध्ये काँग्रेस १७ आणि २०२२ मध्ये भाजप २०. नव्या काबिजादींतील मगोची मते भाजपकडे कशी सरकत गेली, हे नकाशा आणि स्तंभ शेजारी धरून पाहिले तर चांगले समजते.

परंतु गोल आलेखापासून स्तंभांकडे एक जाडा बाण काढला आहे आणि त्यावर ‘लोकसंख्येनुसार कौल’ असे लिहिले आहे. हा बाण पुसून टाकावासा वाटतो. २०१२ मध्ये भाजपने ख्रिस्ती उमेदवार उभे केले आणि निवडून आणले. २०१७ मध्ये त्या पक्षाच्या १३ आमदारांपैकी ७ जण ख्रिस्ती होते. धर्माच्या टक्केवारीवरून पक्ष ओळखायचा असेल तर या सातांचे काय करायचे? दक्षिण गोवा लोकसभा मतदारसंघाने २०१४ मध्ये भाजपला, २०१९ मध्ये काँग्रेसला आणि २०२४ मध्ये १३,५३५ मतांच्या फरकाने पुन्हा काँग्रेसला निवडले, आणि एवढ्या काळात तिथल्या लोकसंख्येची रचना काही उलटीपालटी झाली नव्हती. लोकसभेचे निकाल तक्त्यात घेतलेलेच नाहीत. घेतले असते तर बाण काढणाऱ्याचा हात थबकला असता. शिवाय हिंदू समाजातील भंडारी, मराठा, सारस्वत, गावडे आणि ख्रिस्ती समाजातील बामण, चारडो, सुदिर हे जातींचे भेद उमेदवारी ठरताना किती जड असतात, हे गोव्याच्या कुठल्याही वाड्यावर सांगतील. जनगणनेत इतर मागासवर्गीयांची मोजणी नसल्यामुळे भंडारी समाजाची निश्चित टक्केवारी देता येत नाही, हे खरे. पण एका ओळीत उल्लेख करता आला असता.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव एका साध्या स्तंभाची आहे : मतदारसंघातील मतदारांची संख्या. २०२२ मध्ये संपूर्ण गोव्यात सुमारे साडेअकरा लाख मतदार होते. २०२४ मध्ये एकट्या नागपूर लोकसभा मतदारसंघात २२ लाखांहून अधिक मतदार होते, म्हणजे आपल्या एका खासदाराच्या निम्म्या मतदारांत तिथे चाळीस आमदार आणि दोन खासदार निवडले जातात. नागपूर शहरातील एकेका विधानसभा मतदारसंघात तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. गोव्यात सरासरी २९ हजारांच्या आसपास. एवढ्या लहान मतदारसंघात उमेदवार मतदाराला नावाने ओळखतो, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा मुलगा नोकरीच्या शोधात आहे हे त्याला ठाऊक असते, आणि दोन-तीन वाड्यांनी पाठ फिरवली की निकाल फिरतो. २०२२ मध्ये सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचा उमेदवार ७६ मतांनी निवडून आला, मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत ६६६ मतांनी जिंकले, पणजीत मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल पर्रीकर अपक्ष उभे राहून ७१६ मतांनी हरले. त्या निवडणुकीतील सर्वांत मोठे मताधिक्य पर्ये मतदारसंघात होते, तेही १३,९४३. आमदार पक्ष बदलूनही त्याच मतदारसंघातून पुन्हा का निवडून येतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. हा एक स्तंभ नसल्याने पुढचे सारे स्तंभ अर्धवट बोलतात.

पक्षांतराचा विषय निघालाच आहे तर हेही सांगितले पाहिजे, की तक्त्यातील रंग निकालाच्या दिवसाचे आहेत आणि तशी तळटीप कुठे नाही. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार गेले. दोन्ही वेळा राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीतील, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातील, दोन तृतीयांशाची अट पूर्ण होईल असा हिशेब जमला होता. राज्यघटनेच्या पेपरसाठी हे उदाहरण पाठ करून घेतले जाते, आणि गोव्याच्याच तक्त्यात ते नसावे हे चमत्कारिक आहे.

अनुसूचित जमातींच्या रकान्यात १०.२३ टक्के हा आकडा आहे आणि गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३ मध्ये तो दर्जा मिळाल्याचेही दिले आहे. त्यांच्यासाठी २०२२ पर्यंत विधानसभेत एकही जागा राखीव नव्हती, तर १.७४ टक्के असलेल्या अनुसूचित जातींसाठी पेडण्याची जागा राखीव आहे. ही विसंगती पुस्तिकेने नेमकी टिपली आहे. मात्र जमातींच्या प्रतिनिधित्वासाठी संसदेने २०२५ मध्ये संमत केलेला कायदा या आवृत्तीत आलेला नाही. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा तो घालावा लागेल.

निवडणूक आयोगाचे सांख्यिकीय अहवाल आणि जनगणनेची कोष्टके संकेतस्थळांवर फुकट मिळतात, तेव्हा २८० रुपये कशासाठी द्यायचे, असे कुणी विचारेल. आयोगाच्या अहवालात प्रत्येक मतदारसंघातील मतदार, झालेले मतदान आणि प्रत्येक उमेदवाराची मते असतात, आणि ज्याला खरोखर अभ्यास करायचा आहे त्याने तिथेच जावे. पण ते अहवाल इंग्रजीत आहेत, त्यांत तालुक्यांचा नकाशा नाही, आणि जनगणनेची कोष्टके तालुक्यानुसार असल्याने ती मतदारसंघांवर बसवण्याचे काम वाचकालाच करावे लागते. तक्त्याच्या पुढच्या बाजूने हे काम मराठीत करून दिले आहे, आणि तेवढ्यासाठी तक्ता घेण्यासारखा आहे. पुस्तिकेतील स्थलांतराचे पान आणि जमातींचे पान वगळता बाकी मजकूर तक्त्याचीच पुनरुक्ती करतो.

काही दुकानदार सुटा तक्ता १५० रुपयांना देतात, फक्त तो मागावा लागतो. घेताना उघडून पाहावा, कारण काही प्रतींत हिरवा रंग किंचित सरकून फोंड्याची हद्द तिसवाडीत शिरली आहे. आणि भिंतीवर लावायचा असेल तर तो नकाशाची बाजू वर ठेवून लावावा.